आफ्रिकेंतील मुलें आणि सुटींतले विद्यापीठ-वर्ग

कायद्याच्या शेवटच्या वर्षांत शिकणाऱ्या माझ्या पुतणीनें गेल्या फाल्गुनांत एके रात्रीं जेवणें आटोपल्यावर वडील मंडळींपुढें दोन माहितीपत्रकें ठेविलीं, आणि आफ्रिकेंतील मुलांच्या प्रश्नांचा अभ्यास करण्यासाठीं आपणास एखाद्या विद्यापीठाच्या सुटींतील वर्गास जावयाचें आहे, असें सांगितलें. एक पत्रक नेदरलंड्समधील लायडन विद्यापीठाचें होतें, दुसरें दक्षिण आफ्रिकेंतील प्रिटोरिया विद्यापीठाचें. तिच्या वडिलांनीं पहिला प्रश्न खर्चाचा केला, आणि तो योग्यच होता. दुसरा प्रश्न आमच्या थोरल्या वहिनींनीं केला. "अगं, मुलांचे प्रश्न आपल्या गल्लींत काय थोडे आहेत, म्हणून समुद्र ओलांडून आफ्रिकेला जायचं?" मला हा प्रश्न खर्चाच्या प्रश्नाहून अवघड वाटला. मुलीनें उत्तर दिलें, पण तें घाईचें होतें. शेवटीं वहिनी मजकडे वळून म्हणाल्या, "भावोजी, तुम्ही मास्तर. तुम्हीच वाचून सांगा, ह्यांत कांहीं अर्थ आहे कीं नुसता प्रवास आहे." तेव्हांपासून दोन महिने मी हा विषय वाचीत आहें. ज्या घरांतील मुलें-मुली अशा वर्गांस जाऊं इच्छितात, त्यांतील वडील मंडळींस उपयोगी पडेल म्हणून त्या वाचनाचें सार येथें देत आहें.

सुटींत शिकणें ही कल्पना आपल्याला नवीन नाहीं. न्यायमूर्ति रानडे यांच्या पुढाकारानें पुण्यांत १८७५ सालीं वसंत व्याख्यानमाला सुरू झाली. नेहमींचा अभ्यास थांबला तरी श्रवण थांबूं नये, हें तिचें मर्म. युरोपांत जूनपासून ऑगस्टपर्यंत विद्यार्थी घरोघर जातात, वर्ग आणि वसतिगृहें मोकळीं होतात; तेव्हां एखादा विषय घेऊन एक-दोन आठवड्यांचे वर्ग भरवावयाचे, ही तिकडील विद्यापीठांची रीत झाली आहे. सकाळीं व्याख्यान, दुपारीं लहान गटांत एखाद्या खटल्याची किंवा कायद्याची चर्चा, शेवटीं एक निबंध व प्रमाणपत्र, असा साधारण क्रम असतो. शिकणाऱ्यांत विद्यार्थ्यांबरोबर वकील, सरकारी अधिकारी, समाजसेवक असे कामावरचे लोकही असतात. एक गंमत येथेंच सांगून टाकतों. युरोपचा जो उन्हाळा, तो दक्षिण आफ्रिकेचा ऐन हिंवाळा. त्यामुळें 'उन्हाळी वर्ग' हा शब्द प्रिटोरियास लागू करणें म्हणजे आषाढांत होळी पेटविण्यासारखें आहे.

प्रिटोरिया विद्यापीठाच्या विधिशाखेंत मानवाधिकार केंद्र १९८६ सालीं स्थापन झालें. त्या वेळीं तेथें वर्णभेदाचें राज्य होतें, हें ध्यानांत घेतलें म्हणजे ह्या घटनेचें महत्त्व कळतें. त्या केंद्राच्या एक-एक आठवड्याच्या प्रगत अभ्यासक्रमांच्या मालिकेंत आफ्रिकेंतील बालहक्क हा एक विषय आहे. लायडनचा वर्ग सर्व जगांतील बालहक्कांविषयीं आहे. हेग शहर, जेथें आंतरराष्ट्रीय न्यायालयें आहेत, तेथून हांकेच्या अंतरावर. तथापि हे दोन प्रवाह अगदीं वेगळे आहेत असें नाहीं. केप टाऊनजवळच्या वेस्टर्न केप विद्यापीठांतील प्राध्यापिका ज्यूलिया स्लॉथ-नील्सन ह्यांनीं लायडन येथेंही विकसनशील देशांतील बालहक्कांचें अध्यासन सांभाळलें आहे; आणि त्याच वेस्टर्न केपमधील इथिओपियाचे प्राध्यापक बेन्याम मेझमूर हे आफ्रिकेच्या बालहक्क समितीचे व संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क समितीचे, अशा दोन्ही समित्यांचे अध्यक्ष राहिले आहेत. म्हणजे ह्या विषयांत आफ्रिकेचे लोक केवळ अभ्यासाचा विषय नाहींत, ते आचार्यही आहेत. मला वाटतें, कोणत्याही वर्गाची परीक्षा येथूनच करावी. ज्या वर्गांत आफ्रिकेंतील मुलांविषयीं सारें सांगितलें जातें, परंतु सांगणारा एकही आफ्रिकेचा नसतो, तेथें पैसे भरतांना दोनदां विचार करावा.

माझ्या मनांत आरंभीं एक शंका होती, ती लपवीत नाहीं. आफ्रिकेचें मूल म्हटलें कीं आपल्या डोळ्यांपुढें एकच चित्र येतें: पोट फुगलेलें, हातपाय काटकुळे, तोंडावर माशा. दुष्काळाच्या वार्तापत्रांनीं तें चित्र आपल्या मनांवर कोरून ठेविलें आहे. असे वर्ग हेंच चित्र सात दिवस दाखवून दया उत्पन्न करीत असतील, तर वहिनींचें म्हणणें खरें. दया करावयास घराबाहेर पडलें कीं पुरे. परंतु तें चित्र अर्धवट आहे. सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडील आफ्रिकेंत १९९० सालीं जन्मणाऱ्या दर हजार मुलांपैकीं सुमारें १८० मुलें वयाचीं पांच वर्षें पुरीं होण्यापूर्वीं दगावत असत. २०२२ पर्यंत हा आंकडा ७० च्या आसपास उतरला. सत्तर हा आंकडाही भयंकर आहे, ह्यांत संशय नाहीं. पण तीस-बत्तीस वर्षांत एवढी उतार पडली ती आपोआप पडली नाहीं; तेथील परिचारिकांनीं, शिक्षकांनीं, आयांनीं व सरकारांनीं ती पाडली. त्या भागांत जवळजवळ निम्मी लोकसंख्या अठरा वर्षांच्या आंतील आहे. जेथें निम्मा समाजच मुलांचा, तेथें मुलांचा प्रश्न हा स्त्रीमंडळाच्या सभेपुरता राहत नाहीं. तो राज्यशास्त्राचा मुख्य प्रश्न होतो.

आतां मुख्य गोष्टीकडे येतों. संयुक्त राष्ट्रांनीं बालहक्कांचा करार १९८९ सालीं संमत केला. त्यानंतर वर्षाच्या आंत, जुलै १९९० मध्यें, आफ्रिकेच्या राष्ट्रांनीं आपली स्वतंत्र सनद केली. 'बालकाचे हक्क व कल्याण यांची आफ्रिकन सनद' असें तिचें नांव. ती १९९९ च्या नोव्हेंबरांत अंमलांत आली व खंडांतील बहुतेक राष्ट्रांनीं तिचा स्वीकार केला आहे. ती पाळली जाते कीं नाहीं हें पाहण्यासाठीं अकरा सभासदांची एक समिति आहे. तिचें कार्यालय आतां लेसोथो ह्या छोट्या डोंगरी देशाच्या राजधानींत आहे. ह्या समितीकडे एखाद्या देशांतील मुलांच्या वतीनें दुसऱ्या कोणासही तक्रार नेतां येते. आपल्या आशिया खंडांत अशी तक्रार ऐकणारें खंडीय मंडळ नाहीं. वहिनींच्या प्रश्नाचें अर्धें उत्तर मला येथें सांपडलें. आपल्या घरीं जी वस्तू नाहीं, ती पाहावयास शेजाऱ्याकडे जावें लागतें.

ही सनद मीं दोनदां वाचली. तिचें एकतिसावें कलम वाचून आमच्यासारख्या एकत्र कुटुंबांत वाढलेल्या माणसास आश्चर्य वाटल्यावांचून राहणार नाहीं. तें कलम मुलाच्या कर्तव्यांचें आहे! कुटुंब एकत्र राहावें म्हणून झटणें, आईबापांचा व वडीलधाऱ्यांचा मान राखणें, त्यांना गरज पडेल तेव्हां मदत करणें, हीं सारीं मुलाचीं कर्तव्यें म्हणून, त्याचें वय व शक्ति पाहून, तेथें नमूद केलीं आहेत. संयुक्त राष्ट्रांच्या करारांत मुलांच्या कर्तव्यांचें असें कलम नाहीं. आमच्या घरांत हें कलम वाचल्यावर वडील मंडळींचे चेहरे खुलले, मुलगी मात्र म्हणाली, "काका, ह्याच कलमाच्या आडून उद्यां कोणी मुलाला शेतांत राबवील, आणि म्हणेल, बापाला मदत करतोय." तिची भीति खोटी नाहीं, तेथील विद्वानांमध्येंही ह्यावर वाद झालेले आहेत. परंतु कुटुंब हें हक्कांचें वैरी नसून हक्कांचें घर आहे, असें एका खंडानें कायद्यांत लिहावें, ही गोष्ट विचार करण्याजोगी खरी.

दुसरें एक कलम तिसावें. गरोदर स्त्री व लहान मुलांची आई हिच्यावर गुन्हा शाबीत झाला, तर शिक्षा देतांना तुरुंगाशिवाय दुसरा मार्ग आहे का, हें आधीं पाहावें, असें तें सांगतें. दक्षिण आफ्रिकेच्या घटना-न्यायालयापुढें २००७ सालीं असाच प्रसंग आला. तीन मुलांची आई. फसवणुकीच्या गुन्ह्याबद्दल चार वर्षांची कैद झालेली. गुन्हा पहिलाच नव्हे. खालच्या न्यायालयांनीं गुन्ह्याचें वजन केलें, मुलांचें केलें नाहीं. न्यायमूर्ति ऑल्बी सॅक्स यांनीं बहुमताच्या निकालपत्रांत म्हटलें त्याचा आशय असा कीं, मूल म्हणजे आईबापांची शेपटी नव्हे. त्याचें हित न्यायाधीशानें स्वतंत्रपणें तोललें पाहिजे. त्या बाईस उरलेली शिक्षा देखरेखीखालीं घरीं राहून भोगावयास लाविली, ज्यांना फसविलें त्यांचे पैसे फेडावयास लाविले, आणि समाजसेवाही लाविली. सर्व न्यायमूर्तींचें एकमत झालें नाहीं. आफ्रिकेच्या समितीनें पुढें २०१३ सालीं आपलें पहिलें सविस्तर भाष्य लिहिलें, तें नेमकें ह्याच तिसाव्या कलमावर. हा खटला आमच्या घरांत तीन रात्री चालला. माझे बंधू आईला कैदेंत पाठविण्याच्या पक्षाचे. त्यांचें म्हणणें असें कीं उद्यां प्रत्येक चोर कडेवर मूल घेऊन येईल. अशी चर्चा ज्या वर्गांत होत असेल, तेथें विद्यार्थी सात दिवसांत पुष्कळ शिकेल असें मला वाटूं लागलें.

परंतु मला सर्वांत अधिक विचार करावयास लाविलें तें सेनेगालच्या प्रकरणानें. पश्चिम आफ्रिकेच्या टोंकास हा देश आहे. तेथें कुराण शिकविणाऱ्या निवासी शाळांना दारा म्हणतात, गुरूस मराबू, आणि शिष्यांस तालिबे. हा शब्द अरबी 'तालिब' ह्यापासून आला. 'इच्छिणारा, शोधणारा' असा त्याचा अर्थ. मराठींतील 'तलब' हा शब्द त्याच धातूचा. आपला 'विद्यार्थी' हा शब्दही अक्षरशः त्याच अर्थाचा आहे, विद्येचा अर्थी तो विद्यार्थी. शब्दांचा हा मेळ पाहून मला प्रथम बरें वाटलें. पुढील मजकूर वाचल्यावर तसें राहिलें नाहीं. पांच-सहा वर्षांचीं मुलें खेड्यांतून शहरांत आणलीं जातात, आणि सकाळपासून डबा घेऊन रस्त्यावर भीक मागतात. रोज ठराविक रक्कम आणावयाची. आणली नाहीं तर मार. अशा मुलांची संख्या एक लाखापर्यंत असल्याचें तक्रारींत म्हटलें होतें. २०१३ सालीं राजधानी डाकार येथें अशा एका निवासास आग लागून कांहीं मुलें जळून मेलीं.

ही तक्रार समितीकडे कोणी नेली? प्रिटोरिया विद्यापीठाच्या त्याच मानवाधिकार केंद्रानें, सेनेगालमधील एका मानवाधिकार संस्थेला बरोबर घेऊन. माहितीपत्रकांत ज्या केंद्राचें नांव आहे, तेंच नांव निर्णयावर तक्रारदार म्हणून आहे. समितीनें एप्रिल २०१४ मध्यें निर्णय दिला कीं सेनेगाल सरकारनें सनदेचा भंग केला आहे. कारण सक्तीची भीक गुन्हा ठरविणारा कायदा त्या देशांत २००५ पासून असूनही तो राबविला जात नव्हता. मुलांस रस्त्यावरून उचलून आपापल्या घरीं पोंचवावें, असें समितीनें सांगितलें. २०१६ सालीं तेथील राष्ट्राध्यक्षांनीं रस्त्यावरचीं मुलें हलविण्याचा हुकूम सोडला. कांहीं हलविलीं गेलीं. त्यांतील बरींच पुन्हां रस्त्यावर आलीं. प्रश्न मिटलेला नाहीं.

आतां येथें आमच्यासारख्यांनीं थोडें अंतर्मुख व्हावें असें मला वाटतें. माझे वडील पुण्यांत वार लावून शिकले. सोमवार एका घरीं, मंगळवार दुसऱ्या घरीं. मंगळवारच्या घरीं भात हात राखून वाढीत, आणि बुधवारच्या बाई ताटाखालीं गुपचूप एक लाडू ठेवीत, हें ते म्हातारपणींही सांगत. त्यांच्या आधींच्या पिढीनें माधुकरी मागितली. मुंजींत आजही आपण भिक्षावळ घालतों. भिक्षेनें मुलाचा अहंकार झडतो, गांवाचा विद्येशीं संबंध राहतो, अशी त्यामागची समजूत. सेनेगालमध्यें दाराचें समर्थन करणारे अगदीं हेंच म्हणतात! भीक मागून मूल नम्र होतें, आणि देणाऱ्यास पुण्य लागतें. ह्या युक्तिवादास केवळ हंसून चालणार नाहीं. तो आमच्या आजोबांचा युक्तिवाद आहे. तेथील इतिहासकारही सांगतात कीं पूर्वीं दारा खेड्यांत असत, मुलें गुरूच्या शेतावर काम करीत, शेजारच्या घरून अन्न मागून आणीत. १९७० च्या सुमाराच्या दुष्काळांनीं शेती मोडली, गुरु शहरांत आले, आणि अन्नाच्या जागीं पैसा आला. बिघाड नेमका तेथें झाला. माधुकरींत जें मिळे तें पोटांत जाई. ह्या भिकेंत जें मिळतें तें दुसऱ्याच्या खिशांत जातें. वार लावणाऱ्या मुलास आई कोठें आहे हें ठाऊक असे, आणि वाढणाऱ्या बाईस तो कोणाचा मुलगा हें ठाऊक असे. डाकारच्या रस्त्यावर पांच वर्षांच्या मुलास त्याचें नांव विचारणारा कोणी नाहीं. आणि ज्या विद्येसाठीं तो आला, तिला दिवसांतले कितीसे तास उरतात? सगळेच दारा असे आहेत असें मात्र नव्हे. पुष्कळ गुरु मुलांस प्रेमानें शिकवितात, आणि आईबाप मुलें पाठवितात तीं श्रद्धेनें व गरिबीनें. एखादी रूढि केव्हां संस्कार असते आणि केव्हां धंदा होते, हें ठरविण्याची कसोटी ह्या एका प्रकरणांत जितकी स्पष्ट दिसते, तितकी मला धर्मशास्त्राच्या ग्रंथांतही क्वचित् दिसली.

नांवाचा विषय निघालाच आहे तर समितीचा पहिला गुणदोषयुक्त निर्णयही सांगतों. सुदानांतून ब्रिटिशांनीं आपल्या पलटणींत आणलेल्या न्यूबियन शिपायांचे वंशज शंभराहून अधिक वर्षें केनियांत, नैरोबीजवळच्या किबेरा वस्तींत, राहत आले. तरी त्यांना परकें समजलें जाई. बापाजवळ ओळखपत्र नाहीं म्हणून मुलाच्या जन्माची नोंद होईना. नोंद नाहीं म्हणून मूल अठरा वर्षांचें झालें कीं त्यासही ओळखपत्र मिळण्यास अडचण. आपण बाराव्या दिवशीं बारसें करतों, कानांत नांव सांगतों. पण सरकारच्या कानांत तें गेलें नाहीं तर शाळा, दवाखाना, नोकरी ह्यांचीं दारें अर्धींच उघडतात. मार्च २०११ मध्यें समितीनें निर्णय दिला कीं केनियानें ह्या मुलांचा नांवाचा व राष्ट्रीयत्वाचा हक्क डावलला आहे.

ह्या समितीचें मीं कौतुक केलें, म्हणून दोष सांगावयाचें टाळीत नाहीं. उत्तर युगांडांतील यादवींत बंडखोरांनीं मुलें पळवून नेलीं, आणि सरकारी बाजूच्या सैन्यांतही मुलें असल्याची तक्रार होती. ती २००५ सालीं दाखल झाली. निर्णय लागला २०१३ सालीं. तक्रार दाखल झाली तेव्हां दहा वर्षांचा असलेला मुलगा निर्णयाच्या दिवशीं सनदेच्या व्याख्येप्रमाणें मूलच राहिला नव्हता! शिवाय समितीपाशीं फौज नाहीं, जप्तीचा बेलिफ नाहीं. ती सांगते, सरकार ऐकतें किंवा ऐकत नाहीं. कांहीं प्रश्न तर देशांतील न्यायालयांतच लवकर सुटतात. झिंबाब्वेंत ज्यांचे विवाह बालपणीं झाले होते अशा दोन तरुणींनीं स्वतः खटला लढविला आणि जानेवारी २०१६ मध्यें तेथील घटना-न्यायालयाकडून विवाहाचें किमान वय अठरा ठरवून घेतलें. आमच्या मुंबईच्या रखमाबाईंचें धैर्य आठवावें अशी ही गोष्ट आहे; फरक इतकाच कीं रखमाबाई खटला हरल्या, ह्या दोघी जिंकल्या.

शाळेविषयीं दोन शब्द लिहिल्याशिवाय जुन्या मास्तरास राहवत नाहीं. १६ जून १९७६ रोजीं जोहान्सबर्गजवळच्या सोवेटो वस्तींतील शाळकरी मुलें रस्त्यावर उतरलीं. कारण गणितासारखे विषय आफ्रिकान्स भाषेंतून शिकविण्याची सक्ति झाली होती. पोलिसांनीं गोळ्या झाडल्या. बारा वर्षांचा हेक्टर पीटरसन मरण पावला, आणि त्याच्या पाठोपाठ पुष्कळ. आफ्रिकन ऐक्य संघटनेनें १९९१ सालापासून तो दिवस 'आफ्रिकन बालकाचा दिवस' म्हणून पाळावयाचें ठरविलें. शिक्षणाच्या माध्यमासाठीं मुलांनीं प्राण दिल्याचें उदाहरण आपल्यापैकीं ज्यांना माध्यमाचा वाद निरर्थक वाटतो त्यांनीं अवश्य वाचावें.

केनियानें २००३ च्या जानेवारींत प्राथमिक शाळांची फी रद्द केली, तेव्हां शाळेंतील मुलांची संख्या एका वर्षांत सुमारें ५९ लाखांवरून ७२ लाखांवर गेली. पुढच्या वर्षीं एल्डोरेट गांवच्या शाळेंत किमानी मारुगे नांवाचे चौऱ्याऐंशी वर्षांचे गृहस्थ पहिलींत येऊन बसले. बायबल आपलें आपण वाचतां यावें, ही त्यांची इच्छा. वर्गाच्या शिक्षकाची काय अवस्था झाली असेल, ह्याची कल्पना मी करूं शकतों! पण मुलें वर्गांत येणें निराळें आणि तीं वाचूं लागणें निराळें. चौथीच्या मुलास दुसरीचा धडा वाचतां येत नाहीं, हें दुखणें तेथेंही आहे आणि येथेंही. १९९५ सालीं मुंबईंत सुरू झालेल्या 'प्रथम' ह्या संस्थेनें त्यावर साधी युक्ति काढली: रोज थोडा वेळ मुलांना इयत्तेप्रमाणें न बसवितां, ज्याला जितकें येतें त्याप्रमाणें बसवावें, आणि तेथून पुढें न्यावें. जुन्या पंतोजींच्या शाळेंत हेंच चाले. ती युक्ति आतां आफ्रिकेंत गेली आहे. झांबियाच्या सरकारनें २०१६ पासून ती आपल्या शाळांत अजमावून पुढें वाढविली.

आरोग्याचा विषय फार मोठा आहे. त्यांतील एकच गोष्ट सांगतों, कारण ती आपल्या दारची आहे. सेनेगालपासून इथिओपियापर्यंतच्या पट्ट्यांत मेंदूज्वराची सांथ वरचेवर येई. १९९६–९७ च्या सांथींत अडीच लाख लोक आजारी पडले व पंचवीस हजार मेले. त्या सांथीचें मुख्य कारण असलेल्या 'अ' प्रकारच्या जंतूवर पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटनें मुद्दाम आफ्रिकेसाठीं स्वस्त लस बनविली; ती डिसेंबर २०१० मध्यें बुर्किना फासो देशांत प्रथम टोंचली गेली, आणि त्या प्रकारचा मेंदूज्वर त्या पट्ट्यांतून जवळजवळ नाहींसा झाला. ऑक्सफर्डच्या संशोधकांबरोबर त्याच संस्थेनें केलेल्या हिंवतापाच्या लशीस जागतिक आरोग्य संघटनेनें ऑक्टोबर २०२३ मध्यें शिफारस दिली, आणि जुलै २०२४ मध्यें आयव्हरी कोस्टमध्यें ती मुलांस देण्यास आरंभ झाला. हडपसरहून निघालेली कुपी अबिजानच्या मुलास पोंचते, मग हडपसरच्या शेजारची मुलगी तेथें शिकावयास गेली तर नवल कसलें, असें मीं वहिनींस म्हटलें. त्या म्हणाल्या, "तें देणं झालं. ही घ्यायला चाललीय." मीं म्हटलें, "वहिनी, तेंच तर मला दोन महिन्यांत समजलें."

एका आठवड्याच्या वर्गानें कोणी तज्ज्ञ होत नाहीं. प्रमाणपत्रें गोळा करणारीं मुलें मीं पाहिलीं आहेत. त्यांच्या भिंती भरतात. म्हणून मीं मुलीस दोन अटी घातल्या. जाण्यापूर्वीं सनद व वर सांगितलेले निर्णय मुळांतून वाचावयाचे. आणि परत आल्यावर वर्षभर आपल्याच शहरांतील एखाद्या बालगृहांत आठवड्यांतून एक दिवस काम करावयाचें. दोन्ही अटी तिनें मान्य केल्या. दोन पत्रकांपैकीं तिनें स्वतःच प्रिटोरिया निवडलें. लायडनला खर्च जास्त म्हणून नव्हे, तर ज्यांनीं तक्रार लिहिली त्यांच्यापुढें बसून ती वाचावयाची म्हणून. अर्ज गेला आहे. उत्तर यावयाचें आहे.

हल्लीं रात्रीं ती सेनेगालचा निर्णय इंग्रजींतून वाचते आणि वहिनींस मराठींत सांगते. परवां तें सांगून झाल्यावर वहिनी बराच वेळ स्वस्थ बसल्या. मग म्हणाल्या, "हे सगळं खरं. पण त्या पोरांच्या आयांना कुणी विचारलं का, घरीं परत आल्यावर त्यांना काय खायला घालणार?" मुलीस तत्काळ उत्तर देतां आलें नाहीं. तिनें तो प्रश्न वहीच्या पहिल्या पानावर लिहून घेतला आणि निर्णयाचीं पानें पुन्हां आरंभापासून उलटूं लागली.